रकान्यात न मावलेली पणजी

आजोबांचं नाव संगमेश्वर तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या जनरल रजिस्टरात १९३३ साली चढलं. त्या ओळीत ‘पालकाचा धंदा’ असा एक रकाना आहे आणि त्यात एकच शब्द आहे : शेती. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला भरून आलं. घरात पणजोबांचा फोटो नाही, पत्र नाही. त्यांच्याविषयी कुणीतरी शाईनं लिहिलेला हा पहिलाच शब्द. चार दिवस मी मोबाइलवर काढलेला त्या ओळीचा फोटो सगळ्यांना दाखवत होते. मग आत्याआजीनं, म्हणजे पणजोबांच्या धाकट्या लेकीनं, विचारलं, “अगं बाय, पण बाबा गावात व्हते कुठं? ते तर मुंबईला, गिरणीत.”

पणजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावरच्या विणकामात, होते. मुलाला शाळेत घालायला गेला तो चुलता. मास्तरांनी विचारलं असेल, धंदा काय? चुलत्यानं आपला सांगितला. मास्तरांनी लिहिला. खोटं कुणीच बोललं नाही, तरी नोंद चुकीची झाली. आणि ‘शेती’ म्हणजे तरी काय? जमीन खोताची होती, आमचं घर कूळ होतं. नांगर धरायला चुलता, आणि लावणीपासून झोडणीपर्यंत सगळं करायला पणजी. तिच्याबद्दल त्या ओळीत अक्षरही नाही.

गेली काही वर्षं महाराष्ट्रात जुन्या नोंदी शोधण्याची लाट आहे. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या वादात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि एकाएकी गावोगावी रेकॉर्ड रूमबाहेर रांगा लागल्या. मोडी वाचणाऱ्यांना दिवस पुरेनात. जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, पाहणीपत्रक, कुळनोंदवही, शाळेची रजिस्टरं, १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर : आजवर फक्त अभिलेखपालांना ठाऊक असलेली नावं चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागली. याचा मला आनंदच आहे. पण एक गोष्ट काळजात खुपते. आपण या नोंदी निकालपत्रासारख्या वाचतो. ‘धंदा’च्या रकान्यात जे लिहिलंय ते पूर्वज होते, जे लिहिलेलं नाही ते नव्हते, असं धरून चालतो. माझं म्हणणं इतकंच आहे की तो शब्द म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर आहे. प्रश्न काय होता, कुणी विचारला, कुणाला विचारला आणि कोणत्या रात्री विचारला, हे कळल्याशिवाय त्या उत्तराचा अर्थ लावायचा आपल्याला अधिकार नाही.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मला वारंवार भेटतो. ‘१९०१ च्या जनगणनेत आमच्या पणजोबांचा धंदा अमुक आहे’ असं कुणी सांगितलं, तर ते शक्य नाही. इंग्रजी अमलात घरोघर भरलेले खानेसुमारीचे कागद गोषवारे तयार झाल्यावर जपून ठेवले गेले नाहीत. उरले ते जाडजूड अहवाल आणि तक्ते. त्यांत तुमचे पणजोबा आहेत, पण एका आकड्यातला एक म्हणून. कुटुंबाला माणूस सापडतो तो शाळेच्या, महसुलाच्या, जन्म-मृत्यूच्या कागदांत. मॉरिशसला गेलेल्या मराठी गिरमिटियांचा, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांचा, माग तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या स्थलांतरितांच्या नोंदींत लागतो. तरीही खानेसुमारीचे अहवाल वाचलेच पाहिजेत, कारण त्या काळात ‘धंदा’ या शब्दाचा सरकारला काय अर्थ अभिप्रेत होता हे तिथंच कळतं. तलाठी, कुलकर्णी, शाळामास्तर हीच माणसं दहा वर्षांनी एकदा प्रगणक होत आणि एरवीची रजिस्टरंही तीच भरत. हात तोच, सवय तीच.

१८८१ च्या १७ फेब्रुवारीला देशभर एकाच वेळी पहिली खानेसुमारी झाली. मुंबई इलाख्याचं काम जे. ए. बेन्स यांच्याकडे होतं. पुढच्या, १८९१ च्या वेळी तेच साऱ्या देशाचे आयुक्त झाले. १९०१ च्या प्रपत्रात धंद्यासाठी तीन रकाने होते : काम करणाऱ्याचा मुख्य धंदा, त्याचा जोडधंदा, आणि जे काम करत नाहीत त्यांच्या पोशिंद्याचा धंदा. हा तिसरा रकाना नीट लक्षात घ्या. म्हातारी, मुलं आणि ‘काही न करणाऱ्या’ बाया त्यात जात. प्रगणकांना दिलेल्या सूचना मात्र चांगल्या होत्या. नुसतं ‘नोकरी’ किंवा ‘मजुरी’ असं मोघम लिहू नका, कसली ते लिहा. घरच्या मिळकतीत भर घालणारं काम करणाऱ्या बाया-मुलांना काम करणाऱ्यांतच धरा. इतकं स्पष्ट होतं. पण सूचना कागदावर राहिली आणि प्रश्न उंबऱ्यावर विचारला गेला. उंबऱ्यावर उत्तर देणारा घरातला पुरुष. विचारणाराही पुरुष. “आणि ही?” “ती काय, घरीच असते.”

कोष्ट्याचं किंवा साळ्याचं घर डोळ्यांसमोर आणा. मागावर बसतो तो विणकर. पण सूत उकलणं, कांड्या भरणं, ताणा लावताना धावणं, खळ देणं, हे सगळं बायका आणि पोरं करतात. एक माग एकट्याच्या हातानं चालतच नाही. प्रपत्रात मात्र ‘विणकाम’ त्याच्या नावावर आणि बाकीचे त्याच्यावर अवलंबून. आज सोलापूरच्या किंवा येवल्याच्या कुणाला पणजोबांच्या नावापुढे ‘विणकर’ दिसलं आणि पणजीच्या नावापुढे रेघ, तर त्यानं त्या रेघेचा अर्थ ‘गृहिणी’ असा लावू नये. त्या रेघेमागं निम्मा माग आहे.

हे केवळ आपल्याकडे झालं असंही नाही. इंग्लंडच्या १८४१ च्या गणनेत तर लेखी सूचनाच होती की, नवऱ्याच्या किंवा आईबापांच्या कामाला मजुरी न घेता हातभार लावणाऱ्या बायका-मुलांचा धंदा लिहिण्याची गरज नाही. तिथून जी नजर आली तीच इथं रुजली. आणि ती फक्त साहेबाची नव्हती, हेही कबूल करायला हवं. १९७१ साली, स्वतंत्र भारतात, जनगणनेनं आधी ‘मुख्य काम कोणतं’ असं विचारलं. शेतात राबणारी बाई आधी स्वयंपाक करते, पाणी भरते, मुलांचं बघते. म्हणून तिचं मुख्य काम घरकाम ठरलं. १९६१ ते १९७१ या दहा वर्षांत देशातल्या कामकरी स्त्रियांचं प्रमाण कागदावर जवळजवळ निम्म्यावर आलं. त्या दहा वर्षांत बायकांनी विळे खाली ठेवले नव्हते. फक्त प्रश्न बदलला होता. मग स्त्री-संघटना आणि अभ्यासक यांनी बरंच झगडून १९९१ च्या प्रश्नात शेतावरचं आणि घरच्या धंद्यातलं बिनपगारी काम धरलं जाईल असे शब्द घालून घेतले.

धंद्यांची वर्गवारीही दर वेळी बदलत गेली. १९०१ मध्ये धंद्यांचे ५२० गट होते. १९११ ला फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियों यांची पद्धत घेतली आणि गट १६९ वर आले. म्हणजे अधल्यामधल्या शेकडो छटा एकमेकींत मिसळल्या. तरी त्या यादीतही तांदूळ कांडणाऱ्या आणि दळणाऱ्यांचा गट राहिला होता. घरोघरी मुसळ घेऊन जाणाऱ्या, पायलीमागं मूठभर घेणाऱ्या बायांचा हा धंदा. भाताच्या गिरण्या आल्या आणि तो बुडाला. आज आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे की आपली खापरपणजी कांडपावर घर चालवत होती? त्याच यादीच्या तळाशी ‘अनुत्पादक’ असा विभाग आहे. त्यात तुरुंगातले कैदी, भिकारी आणि वेश्या एकत्र. भिक्षा हा ज्यांच्या परंपरेचा भाग होता, नाच-गाणं हा ज्यांचा पिढीजात कसब होता, अशी माणसं प्रगणकाच्या एका अक्षरानं कुठून कुठं जात असतील याची कल्पनाच केलेली बरी.

मग रात्रीचा प्रश्न. खानेसुमारी फेब्रुवारी-मार्चमधल्या एका ठरलेल्या रात्री व्हायची, चांदणं बघून, जत्रा-सण टाळून. त्या रात्री माणूस जिथं असेल तिथं मोजला जाई. १९०१ ची रात्र १ मार्चची. मुंबईत तेव्हा प्लेगचं थैमान. लोक चाळी सोडून गावाकडे पळालेले. १८९१ ला ८ लाख २१ हजारांवर असलेली मुंबई १९०१ ला ७ लाख ७६ हजारांवर आलेली दिसते. पालिकेनं १९०६ मध्ये पुन्हा मोजणी केली तेव्हा आकडा पावणेदहा लाखांच्या पुढं होता. आता त्या १९०१ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या घरी ओटीवर झोपलेल्या गिरणीकामगाराचा धंदा काय लिहिला असेल? तो साचेवाला होता, पण साचा दोनशे मैलांवर बंद. समोर पसरलेली होती भाजावळीची शेतं. पुढं १९११ ला मुंबईत पाचांतले चार जण शहराबाहेर जन्मलेले होते. या सगळ्यांचे धंदे दोन-दोन होते : एक पगाराचा आणि एक पावसाळ्याचा. कोकणातल्या घरांत हे सांगावं लागत नाही. आमच्याकडे मनिऑर्डर यायची ती खोताचा हिस्सा आणि दुकानाची उधारी भागवायला. पोट भरायचं ते बाईनं पिकवलेल्या नाचणी-वरीवर. मग ‘मुख्य धंदा’ कोणता? ज्याचे पैसे येतात तो, की ज्याचं अन्न येतं तो?

आता सगळ्यात नाजूक भाग. धंदा आणि जात. बलुत्याच्या गावगाड्यात ही दोन वेगळी करणं अवघडच. ‘कुंभार’ लिहिलंय म्हणजे चाक फिरवत होता की कुंभाराच्या घरी जन्मला होता आणि प्रत्यक्षात रेल्वेच्या रुळांवर खडी फोडत होता? विचारणाऱ्यालाही बरेचदा फरक नको असे; नाव ऐकलं की धंदा लिहून मोकळा. ‘कुणबी’ या शब्दाचंही तेच. तो कसणाऱ्याचा धंदा सांगतो आणि जातही सांगतो, आणि कोणत्या कागदात कोणत्या अर्थानं आलाय हे त्या कागदाचे शेजारचे रकाने बघून ठरवावं लागतं. तुकोबा एका अभंगात देवानं आपल्याला कुणबी केलं हे बरं झालं म्हणतात आणि दुसऱ्यात आपली याती शूद्र, व्यवसाय मात्र वैश्याचा असं सांगतात. देहूत घराकडे महाजनकी होती, दुकान होतं. एकच माणूस, स्वतःविषयी स्वतःच्या तोंडानं बोलणारा, आणि तरी तीन उत्तरं. तिन्ही खरी.

आरक्षणाच्या वादात कोण बरोबर आणि कोण चूक हे ठरवायला मी बसलेली नाही. तो निर्णय न्यायाचा आणि आजच्या परिस्थितीचा आहे. पण पूर्वजांच्या नावापुढच्या एका शब्दावर जेव्हा नातवंडांचं शिक्षण आणि नोकरी टांगली जाते, तेव्हा तो शब्द वाचण्याची शिस्त ही चैन राहत नाही. एका गावात तलाठ्यानं सगळ्या कसणाऱ्यांना एकच शब्द लावला आणि शेजारच्या गावात दुसऱ्या तलाठ्यानं दुसरा, म्हणून दोन चुलतभावांच्या वाटा आज वेगळ्या होत असतील, तर दोष वाचण्यातला आहे.

आणि जिथं शब्द शिक्का होता, तिथं तर वाचण्याची शिस्त ही माणुसकीचीच बाब आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आणि १९११ च्या सुधारित कायद्यानं माणसांचे धंदे जन्मावरून ठरवले. डोंबारी कसरती, पारध, टोपल्या विणणं, बैलावरून मीठ-धान्य वाहणं, अशी कामं करून फिरणाऱ्या लोकांच्या नावापुढं सरकारी कागदात गुन्हेगार असं आलं. रेल्वे आली, मिठाचा व्यापार हातातून गेला, जंगलं राखीव झाली. धंदा सरकारनंच बुडवला आणि वर नवा धंदा लिहून दिला : चोरी. ३१ ऑगस्ट १९५२ ला ही माणसं त्या कायद्यातून सुटली, म्हणून विमुक्त. त्यांचं एखादं नातवंड आज जुना कागद उघडतं आणि तो शब्द वाचतं, तेव्हा शेजारी बसून कुणीतरी सांगायला हवं की, बाळा, हे तुझ्या पणज्याचं काम नव्हे. हे लिहिणाऱ्याचं काम आहे.

इतकं सगळं सांगून मी या नोंदी जाळून टाका म्हणत नाही. उलट. मला वाटतं त्या जपायला हव्यात, आणि पुढच्याही जपायला हव्यात. १ मार्च २०२७ ही येऊ घातलेल्या जनगणनेची संदर्भ तारीख आहे. पहिल्यांदाच ती मोबाइलवर, डिजिटल होणार, स्वतःची माहिती स्वतः भरता येणार आणि जातीचीही नोंद होणार. १९३१ नंतरच्या कुठल्याही जनगणनेत सगळ्या जातींचे आकडे प्रसिद्ध झालेले नाहीत. या माहितीचं पुढं काय होणार? १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ सांगतं की या नोंदी कुणालाही पाहायला मिळणार नाहीत आणि त्या पुरावा म्हणून चालणार नाहीत. आज हे अगदी योग्य आहे. माणसानं निर्भयपणे उत्तर द्यावं म्हणून ही गुप्तता हवीच. पण ‘आज नाही’ आणि ‘कधीच नाही’ यांत फरक आहे.

आयर्लंडनं १९०१ आणि १९११ ची घरोघरची पत्रकं कुणालाही फुकट बघायला खुली केली आहेत. त्याआधीची त्यांच्याकडे जवळजवळ नाहीत : १८८१ आणि १८९१ ची पत्रकं पहिल्या महायुद्धातल्या कागदटंचाईत लगद्यासाठी गेली, त्याहून जुनी बरीचशी १९२२ च्या डब्लिनमधल्या आगीत. हरवल्यावर काय वाटतं हे त्यांना ठाऊक आहे. इंग्लंड शंभर वर्षं थांबतं. १९२१ ची पत्रकं जानेवारी २०२२ मध्ये उघडली. अमेरिका बहात्तर वर्षं थांबते. मला सगळ्यात पटलेला मार्ग ऑस्ट्रेलियाचा. तिथं २००१ मध्ये प्रत्येकाला विचारलं, तुमच्या नावासह ही माहिती राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवून ९९ वर्षांनी उघडली तर चालेल का? निम्म्याहून जास्त लोक ‘हो’ म्हणाले. ज्यांनी ‘हो’ म्हटलं त्यांचीच ठेवली.

हा प्रश्न आपल्याकडेही विचारता येईल. ज्यांना जातीच्या किंवा धंद्याच्या नोंदीची भीती वाटते, त्यांची भीती खोटी नाही; वर सांगितलेला १८७१ चा कायदा आपल्याच भूमीवरचा आहे. म्हणून तर सक्ती नको, संमती हवी. आणि त्यासोबत प्रश्नाची भाषा, प्रगणकांना दिलेल्या सूचना, धंद्यांच्या सांकेतिक याद्या हेही त्याच कपाटात राहायला हवं, म्हणजे शंभर वर्षांनी उघडणाऱ्याच्या हाती उत्तराबरोबर प्रश्नही पडेल. तोवर आपण करण्यासारखं एक काम आहे. प्रगणक दारात येईल किंवा आपण स्वतः मोबाइलवर भरायला बसू, तेव्हा घरातल्या प्रत्येक बाईला तिच्या कामाविषयी तिलाच विचारायचं. पापड लाटणारीला, म्हैस सांभाळणारीला, नवऱ्याच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसणारीला. तिच्या वतीनं उत्तर द्यायचं नाही.

पणजी मला शेवटी सापडली. दोनदा सापडली. पणजोबा १९४८ ला मुंबईतच वारले. १९५१ च्या राष्ट्रीय रजिस्टरात ती दिराच्या कुटुंबात आहे, आणि तिच्या पुढं ती त्याच्यावर अवलंबून असल्याची नोंद आहे. मग आला कूळकायदा. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं आणि कलम ३२-ग खाली गावोगावी चौकश्या सुरू झाल्या. आमच्या दोन तुकड्यांच्या चौकशीच्या कागदात एक जबाब आहे. त्या दिवशी साहेबानं तिला धंदा विचारला नाही. जमीन प्रत्यक्ष कोण कसतं, असं विचारलं. पावणेसहा ओळींच्या त्या जबाबात ती सांगते की लावणी मी करते, कापणी मी करते, खंड मी भरलेला आहे, नवरा मुंबईस असे. खाली डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा आहे, जरा पसरलेला.